गुरुवारी सकाळी, आठच्या आत

फ्लोरिडात भारतातून पाहुणे आले की पहिले पंधरा दिवस डिस्ने, समुद्र आणि कॉस्कोतली खरेदी यांत जातात. मग उन्हाळा अंगावर येतो, समुद्राचं पाणी कोमट लागायला लागतं आणि घरात एसी लावून बसलेली माणसं एकमेकांवर करवादायला लागतात. अशा वेळी इथले जुने रहिवासी एकच सल्ला देतात : स्प्रिंगवर जा. राज्यात गोड्या पाण्याचे हजाराहून जास्त झरे आहेत आणि त्यातल्या मोठ्या झऱ्यांभोवती सरकारी उद्यानं केलेली आहेत. आम्ही ऑरलँडोच्या उत्तरेला राहतो. तिथून तासाभराच्या टप्प्यातच असे बरेच झरे आहेत.

जूनमध्ये माझे सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले. बाबा राजापूरकडचे. त्यांच्या लेखी झरा म्हणजे राजापूरची गंगा. उन्हाळे गावात चौदा कुंडं आहेत, साधारण तीनेक वर्षांनी त्यांत आपसूक पाणी उगवतं, दोन-तीन महिने राहतं आणि नाहीसं होतं. ‘गंगा आली’ म्हटल्यावर मुंबईची चाकरमानी मंडळी रजा टाकून आंघोळीला धावतात. त्यामुळे मी स्प्रिंगचं कौतुक सांगायला लागले तेव्हा बाबांनी विचारलं, “बारा महिने वाहतो? मग त्यात बघायला जायचं काय?”

खरं म्हणजे त्यांच्या या प्रश्नावरच सगळं नियोजन उभं आहे. फ्लोरिडाच्या या भागातल्या झऱ्यांचं पाणी जानेवारीत आणि जुलैमध्ये सारखंच थंड असतं, 72 अंश फॅरनहाइट, म्हणजे आपलं 22 सेल्सिअस. पायाखाली सगळा चुनखडीचा दगड आहे, आतून पोखरलेला. पावसाचं पाणी वाळूतून झिरपत त्या दगडात उतरतं, तिथे वर्षानुवर्षं मुरतं आणि दाबाखाली एखाद्या भगदाडातून वर येतं. एवढ्या खोलीवर उन्हाळा-हिवाळा पोचत नाही, म्हणून त्या भागाचं वर्षाचं जे सरासरी तापमान तेच पाण्याचं. आता पाणी कधीही गेलं तरी तेच, म्हटल्यावर वाटतं की कधीही जावं. प्रत्यक्षात पाणी सोडून बाकी सगळं बदलत असतं : गर्दी, वीज-वारा, प्राणी, नियम. ठरवायचं असतं ते यांच्या हिशेबाने.

झरा निवडण्यातच आमचा एक आठवडा गेला. लेकीला मॅनेटी बघायच्या होत्या. मॅनेटी म्हणजे संथपणे चरणारा, म्हशीएवढा धिप्पाड जलचर. त्यासाठी ऑरेंज सिटीजवळचं ब्लू स्प्रिंग प्रसिद्ध आहे. पण मॅनेटी तिथे गोळा होतात त्या हिवाळ्यात. बाहेरच्या सेंट जॉन्स नदीचं पाणी 20 अंशांच्या खाली गेलं की त्यांना ते सोसत नाही, मग त्या झऱ्याच्या उबेला येतात. आपल्याला उन्हाळ्यात गार वाटणारं तेच 22 अंशांचं पाणी त्यांना थंडीत शेकोटीचं काम करतं. जुलैत तिथे मॅनेटी बघायला जाणं म्हणजे आषाढी संपल्यावर वारी बघायला पंढरपूर गाठणं. लेकीचं तोंड एवढंसं झालं, पण नाव यादीतून गेलं.

नवऱ्याच्या डोक्यात इचेटकनी होतं. टायरच्या ट्यूबवर बसायचं आणि नितळ नदीच्या प्रवाहाबरोबर खाली वाहत जायचं, हात-पाय हलवायचेही नाहीत. मला विचाराल तर या राज्यात पैसे खर्च करून मिळणाऱ्या सुखांमध्ये हे सगळ्यात वरचं. पण गाडीने जायला अडीच तास, ट्यूबमधून उठताना गुडघ्यांची परीक्षा आणि नदीवर खाण्याचे पदार्थ न्यायला मनाई. “खायचं नाही म्हणजे?” आईंनी एवढंच विचारलं आणि तो विषय तिथेच संपला.

सिल्व्हर स्प्रिंग्जला काचेच्या तळाच्या होड्या आहेत, 1870 च्या दशकापासून चालू असलेल्या. माणूस कोरडा राहून सगळा तळ बघतो. पण तिथे पाण्यात उतरू देत नाहीत आणि ऐन उन्हाळ्यात पाणी नुसतं दाखवून परत आणणं मला क्रूरपणा वाटतो. वेकिवा स्प्रिंग्ज घराच्या सगळ्यात जवळ, म्हणूनच सगळ्या ऑरलँडोच्याही जवळ. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी सकाळीच वाहनतळ भरतो, गेट बंद करतात आणि आतल्या गाड्या बाहेर पडेपर्यंत बाहेरच्यांना परत फिरवतात.

उरलं ते डीलॅंडच्या पुढचं डी लिऑन स्प्रिंग्ज. झऱ्याभोवती काँक्रीटचा कठडा बांधलेला आहे, त्यामुळे ते एखाद्या मोठ्या गोल कुंडासारखं दिसतं. उतरायला पायऱ्या आहेत, कडेला उथळ आहे आणि मधोमध जिथून पाणी उगवतं तिथे सुमारे 30 फूट खोल. दिवसाला सात कोटी लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडतं, तरी इथल्या मापाने हा दुसऱ्या वर्गातलाच झरा. शिवाय झऱ्याच्या काठावर एक उपाहारगृह आहे, तिथे प्रत्येक टेबलाच्या मधोमध तवा बसवलेला असतो. पिठाची भांडी आणून देतात, पॅनकेक ज्याचे त्याने भाजून घ्यायचे. हे ऐकल्यावर आईंचं मत पक्कं झालं.

मग वार. इथे मी आणि आई कॅलेंडर घेऊन बसलो, कारण श्रावण लागला होता. सोमवारी उपास. मंगळवारी त्यांच्या ओळखीच्या एकीकडे मंगळागौर. शुक्रवारी जिवतीची पूजा, नातीला ओवाळायचं, पुरण घालायचं, ते सोडून पाण्यात डुंबायला जायचं नाव काढायची सोय नव्हती. शनिवार-रविवार गर्दीमुळे मीच फुली मारलेले. बुधवारी नवऱ्याची ऑफिसातली मीटिंग हलेना. राहिला गुरुवार. त्याने रजा टाकली. लेकीची शाळा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होणार होती, म्हणजे त्याच्या आतला गुरुवार. मधला वार मिळाला की स्प्रिंगचं निम्मं काम झालं असं समजावं. ज्यांना रजा मिळत नाही त्यांनी सरळ पहाटे उठावं, नऊ वाजता आरामात निघण्यात काही राम नाही.

वेळेचं दुसरं कारण वीज. उन्हाळ्यात फ्लोरिडात अटलांटिककडून आणि गल्फकडून असे दोन्ही बाजूंनी समुद्री वारे आत येतात, मध्यभागी भिडतात आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास ढग फुटतात. रोज नाही, पण रोज धरूनच चालावं. गडगडाट ऐकू आला की पाण्यातून बाहेर आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचं नाही, हा इथे लहान मुलांनाही पाठ असलेला नियम. म्हणून आमचा आराखडा असा : आठला गेटशी, साडेबारापर्यंत पाणी, एकच्या आत सामान गाडीत.

बाबांना एक वेगळीच शंका होती. केरळातल्या मेंदू खाणाऱ्या अमिबाच्या बातम्या त्यांनी वाचल्या होत्या आणि फ्लोरिडाचंही नाव त्यात कुठेतरी आलं होतं. शंका रास्त होती, मी उडवून लावली नाही. तो अमिबा गोड्या पाण्यातच असतो, पण त्याला ऊब लागते. उन्हाने तापलेल्या उथळ तळ्यांत तो फोफावतो आणि नाकातून पाणी वर चढलं तरच धोका. 22 अंशांच्या, सतत वाहत्या पाण्यात त्याची शक्यता पुष्कळच कमी. तरी लेकीसाठी नाकाला लावायचा चिमटा घेतला, बाबांसाठीही एक. बाबांनी तो लावून आरशात बघितलं आणि परत ठेवून दिला.

मगर हा प्रश्न आईंचा. मगरी आहेत, लपवण्यात अर्थ नाही. झऱ्याचं पाणी पुढे तळ्यात आणि तिथून लेक वुड्रफच्या अभयारण्यात जातं, ते त्यांचंच राज्य. पोहायची जागा मात्र कठड्याने वेगळी केलेली आहे आणि तिथे रेंजर लोकांची नजर असते. “म्हणजे त्यांना माहीत आहे ना, की इकडे यायचं नाही?” आईंनी विचारलं.

कपड्यांचा प्रश्न नाजूक होता. आईंनी पोहण्याचा पोशाख आयुष्यात घातलेला नाही आणि सत्तरीत सुरुवात करण्याची त्यांची इच्छाही नव्हती. साडी किंवा सुती सलवार पाण्यात जड होते, पायात अडकते आणि नंतर तासभर अंगाला चिकटून राहते. आम्ही पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टॉप आणि घोट्यापर्यंतची झटपट वाळणारी पँट घेतली, वरून एक सैल कुर्ता. दोघांना पाण्यातले रबरी बूट घेतले. त्यांची गरज खरीखुरी आहे, कारण पायऱ्यांवर शेवाळ असतं. शेतांतली आणि लॉनमधली खतं, सेप्टिक टाक्यांचा पाझर हे सगळं त्याच चुनखडीतून झऱ्यात येतं आणि नायट्रेट वाढलं की शेवाळ माजतं. पाणी इतकं नितळ असतं की घाण नाहीच असं वाटतं, पण पाय घसरला की कळतं.

खाण्याचं आईंनी हातात घेतलं. श्रावण, म्हणून कांदा-लसूण नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं गोड लोणचं, दह्यातली काकडीची कोशिंबीर बर्फाच्या पेटीत, ओल्या खोबऱ्याच्या वड्या आणि राजापूरहून आणलेल्या आगळाचं कोकम सरबत. थर्मासमध्ये आल्याचा चहा. बाहेर 34 अंश असताना चहा कशाला, असं नवऱ्याने विचारलं, त्याला कोणी उत्तर दिलं नाही. डबे झाकणाचे आणि घट्ट घेतले, कारण खारी आणि रॅकून इथे पर्यटकांवरच पोसलेले असतात. बाबांच्या बीपीच्या गोळ्या, टॉवेल माणशी दोन आणि सनस्क्रीन. ते घरूनच लावून निघायचं, पाण्याच्या काठावर फासून लगेच उडी मारली तर निम्मं झऱ्यात जातं.

निघालो वेळेवर. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. गेटवर गाडीमागे सहा डॉलर घेतात, आत आठ माणसं असोत की दोन. आम्ही पाच. मागच्या गाडीत एकटाच गृहस्थ होता, त्याला चार पडले असतील. बाबांनी लगेच हिशेब काढला की आणखी तिघांना आणलं असतं तर माणशी पाऊण डॉलर पडला असता.

आत शिरल्यावर पहिलं काम उपाहारगृहात नाव नोंदवण्याचं. पाण्यात आधी उतरलात तर पॅनकेक दुपारी मिळतील. नाव लिहून, फोन नंबर देऊन आम्ही झऱ्याकडे वळलो. सकाळच्या उन्हात पाणी निळसर हिरवं, मधल्या भागात गडद. काठावर आल्याबरोबर बाबांनी नाक वर करून वास घेतला. किंचित गंधकाचा येतो. “हा तर आपल्या उन्हाळ्याचा वास!” ते म्हणाले. उन्हाळे गावात गंगेच्या जवळच गरम पाण्याचं कुंड आहे, तिथे ते लहानपणी न्हायलेले. इथलं पाणी गार आहे हे त्यांना पायरीवर पाऊल ठेवेपर्यंत पटलं नसावं, कारण पहिल्याच पायरीवर त्यांनी एक कचकचीत शब्द उच्चारला आणि नातीने तो पाठ केला.

22 अंश ऐकायला काहीच वाटत नाही. अंगाला मात्र ते घाटावरच्या जानेवारीतल्या पहिल्या तांब्यासारखं बसतं. हळूहळू उतरण्यात हाल जास्त. बाबा विहिरीत पोहायला शिकलेले, त्यांना सूर मारायचा नाही असं आधीच बजावलं होतं. ते कठड्याला धरून मानेपर्यंत उतरले आणि सरळ मध्यभागाकडे निघाले. नवरा फोमची नळी घेऊन मागे. उगमाच्या वर पोचल्यावर बाबा उताणे झाले, हात पसरले आणि तसेच तरंगत राहिले. मग ओरडून सांगितलं, “खालून ढकलतोय रे!” त्या जागी पृष्ठभाग किंचित फुगल्यासारखा दिसतो, उकळी फुटण्याच्या आधीच्या पाण्यासारखा, आणि पाठीला सौम्य रेटा लागतो. खाली कपारीत मासे दिसतात, वाळूचे कण नाचताना दिसतात. लेकीने गॉगल लावून तोंड पाण्यात घातलं ते ओठ निळे होईपर्यंत काढलं नाही. मुलांना अर्ध्या तासाने बाहेर काढून उन्हात बसवावं, ती स्वतःहून येत नाहीत. चहा तेव्हा निघाला आणि पहिला कप नवऱ्याने घेतला.

आई दुसऱ्या पायरीवर बसून होत्या. तिथेच बसणार, असं त्यांनी जाहीर केलं होतं. शेजारच्या पायरीवर त्यांच्याच वयाची एक अमेरिकन बाई येऊन बसली आणि इंग्रजी-मराठीचा काही मेळ नसताना दोघींची गुडघ्यांवर बरीच चर्चा झाली, कारण दोघींनी आपापल्या गुडघ्याकडे बोट दाखवून मान हलवली. थोड्या वेळाने बघते तर दोघी छातीपर्यंत पाण्यात उभ्या होत्या. पाण्यात गुडघ्यावर भार येत नाही हे डॉक्टरांनी आईंना कितीदा तरी सांगितलं होतं.

फोन आला तेव्हा आम्ही ओल्या अंगाने पळत गेलो. उपाहारगृह जुन्या साखर गिरणीच्या जागेवर आहे. 1830 च्या दशकात इथे उसाचा मळा होता, गुलाम राबायचे आणि झऱ्याच्या पाण्यावर चाक फिरवून ऊस गाळला जायचा. बाहेर आजही एक चाक उभं आहे. आम्ही घाटावरच्या गुऱ्हाळांत रस प्यायलेली माणसं, आम्हाला त्या चाकाजवळून हलवणं कठीण गेलं. या जागेच्या इतिहासात बरंच काही आहे. 1880 च्या दशकानंतर हे पाणी प्यायलं की तारुण्य परत येतं अशा जाहिराती करून इथे पाहुणे बोलावत, आणि 1950 च्या दशकात इथे क्वीनी नावाची हत्तीण चक्क वॉटर-स्कीइंग करायची. लेकीचा विश्वास बसेना, तिला फोनवर फोटो शोधून दाखवावा लागला.

टेबलाशी पीठ आलं, एक पांढरं आणि एक भरड दळलेलं. नवऱ्याने पहिला पॅनकेक ओतला तो तव्याच्या कडेला ओघळला. आई बघत होत्या. दुसऱ्याला तो कालथा घेऊन चुळबुळ करायला लागला तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि कालथा ताब्यात घेतला. तवा पुरेसा तापला नाही, हे त्यांनी पाण्याचा शिंतोडा उडवून सिद्ध केलं. मग भरड पिठाची धिरडी पडावीत तसे पॅनकेक पडू लागले, कडेने जाळी सुटलेले, एकसारखे. त्यांनी स्वतः एकही खाल्ला नाही, पिठात अंडं असेल या शंकेने. पुऱ्या मात्र बाहेर झाडाखालच्या टेबलावर सगळ्यांनी खाल्ल्या, पॅनकेक पोटात असताना.

जेवण झाल्यावर अर्ध्या तासात फिरून होईल अशी डांबरी पायवाट आहे. पुढे फाट्याने गेलं की एक प्रचंड सायप्रस लागतो, ओल्ड मेथुसेला नावाचा, 500 वर्षांहून जुना. डास तिथे भरपूर. आई-बाबा वाटेतल्या बाकावर बसले, बाकीचे बघून आलो. होडीची फेरी करायची होती, पण पश्चिमेकडे आभाळ काळवंडायला लागलं होतं आणि तळ्याच्या मधोमध विजेत सापडण्यापेक्षा ती पुढच्या वेळी केलेली बरी. सामान डिकीत टाकलं. गेटच्या बाहेर पडतो न पडतो तोच पहिला गडगडाट झाला.

बाबांनी परतीच्या वाटेवर गंगेशी तुलना केलीच. पाणी इथलं भरपूर, हे त्यांनी मान्य केलं. पण वाट बघायला लावत नाही, ही तक्रार कायम राहिली. “आणि काठावर एक दिवा नाही, गोमुख नाही,” आई म्हणाल्या.

आता लेकीच्या मॅनेटींचं ठरतंय. आई-बाबा डिसेंबरच्या सुरुवातीला परत जाणार, त्याआधी ब्लू स्प्रिंग जमवायचं. 15 नोव्हेंबरपासून तिथे पाण्यात उतरायला बंदी असते, ती मार्चअखेरपर्यंत, तेव्हा पोहण्याचे कपडे नकोत, स्वेटर हवेत. लाकडी पुलावरून चालत बघायचं असतं, गुडघ्यांना ते झेपेल. थंडीची लाट येऊन नदी गार पडली की त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गेटशी पोचायचं. जानेवारी 2024 मध्ये एका दिवसात तिथे 900 च्या वर मॅनेटी मोजल्या होत्या. नोव्हेंबरअखेर तेवढ्या असणार नाहीत, पण लेकीला पाचसुद्धा चालतील. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत जावं असं नवऱ्याचं म्हणणं. ती सुट्टी नेमकी गुरुवारी आणि आई म्हणतात, मार्गशीर्षातला गुरुवार असला तर लक्ष्मीचा घट मांडून, आरती झाल्याशिवाय मी घरातून हलायची नाही. तेव्हा बुधवार बघतोय.